अ‍ॅडोल्फ सॅक्स: पितळी वाद्यांच्या कुटुंबाचा कर्ता

देवळाच्या सणाची मिरवणूक असो कीं लग्नाची वरात असो, पुढें बँड वाजत नसेल तर तिला शोभा नाहीं, अशी आपल्या समाजाची जुनी समजूत आहे. त्या बँडांतील वादकांच्या हातीं, हातभर लांबीच्या कॉर्नेटपासून तों कवेंत घ्याव्या लागणाऱ्या भल्या मोठ्या बासपर्यंत, लहानमोठीं पितळी वाद्यें असतात. पाहणारास वाटतें कीं, प्रत्येकानें आपापलें वाद्य पहिल्या धड्यापासून निराळें शिकून घेतलें असेल. खरी गोष्ट अशी आहे कीं, तीन कळांचीं हीं बहुतेक वाद्यें बोटांच्या एकाच विद्येवर वाजतात, व जो एक शिकला तो थोड्या सरावानें दुसऱ्यावर जाऊं शकतो. ही सोय पद्धतशीरपणें घडवून आणणारा कारागीर म्हणजे अ‍ॅडोल्फ सॅक्स होय. जगाला त्याचें नांव सॅक्सोफोन या वाद्यामुळें ठाऊक आहे. परंतु गांवोगांवच्या गरीब वादकांच्या अधिक उपयोगीं पडलें तें त्याचें दुसरेंच कार्य, व तेंच या अल्पचरित्राचा मुख्य विषय आहे.

अँट्वान जोसेफ सॅक्स, ज्यास सर्वजण अ‍ॅडोल्फ म्हणत, याचा जन्म ६ नोव्हेंबर १८१४ रोजीं म्यूज नदीच्या कांठीं वसलेल्या दिनां या गांवीं झाला. हें गांव आज बेल्जियम देशांत मोडतें. उंच कड्याच्या पायथ्याशीं नदी व नदीच्या कांठीं पवित्र मरियेच्या नांवाचें प्राचीन मंदिर, असें त्याचें स्थान आहे. मध्ययुगापासून येथील तांबटांची व पितळेच्या कारागिरांची कीर्ति इतकी मोठी होती कीं, त्या सर्व प्रकारच्या कामास या गांवावरूनच नांव पडलें. ख्रिस्तमंदिरांतील समया, पवित्र ग्रंथ ठेवण्याचीं पितळी पीठें, अशा वस्तु येथून दूरदूरच्या देशांत जात असत. १४६६ सालीं बर्गंडीच्या सैन्यानें गांव उद्ध्वस्त केलें व कारागीर पांगले. परंतु पितळेशीं जडलेला गांवाचा संबंध मात्र लोकांच्या स्मरणांतून गेला नाहीं.

अ‍ॅडोल्फचा पिता चार्ल्स जोसेफ हा सुतारकामांतून वाद्यें बनविण्याच्या धंद्याकडे वळलेला एक हुन्नरी मनुष्य होता. अकरा मुलांत अ‍ॅडोल्फ सर्वांत थोरला. त्याचें बालपण म्हणजे अपघातांची एक मालिकाच होती, असें त्याचे चरित्रकार सांगतात. तो उंचावरून पडून त्याचें डोकें दगडावर आपटलें, दूध समजून त्यानें तेजाबाचें पाणी प्यालें, टांचणी गिळली, बंदुकीच्या दारूनें त्यास भाजलें, नदींत तो बुडतां बुडतां वांचला. शेजारी त्याला भूत म्हणून चिडवीत, व हा मुलगा जगणार नाहीं अशी खुद्द मातेची भीति होती. पण ज्याला जगवावयाचें असतें त्याला परमेश्वर जगवितोच. त्याच्या जन्मानंतर लवकरच कुटुंब ब्रुसेल्स शहरीं गेलें व पुढें पिता नेदरलंड्सच्या राजाचा वाद्यनिर्माता नेमला गेला.

मुलगा पित्याच्या कारखान्यांतच वाढला. हातोडी, करवत व कानस हींच त्याचीं खेळणीं. त्याच वेळीं ब्रुसेल्सच्या संगीतशाळेंत त्यानें बांसरी व क्लॅरिओनेट यांचें उत्तम शिक्षण घेतलें. वाद्य बनविणारे पुष्कळ असतात व वाजविणारेहि पुष्कळ असतात. परंतु दोन्ही विद्या एकाच हातीं असणें दुर्मिळ. वाद्य कोठें अडतें हें वादकाला कळतें, आणि तें अडणें कसें काढावें हें कारागिराला कळतें. अ‍ॅडोल्फला दोन्ही कळत होतें. सन १८३० च्या ब्रुसेल्स येथील प्रदर्शनांत, वयाच्या सोळाव्या वर्षांत, त्यानें हस्तिदंताच्या बांसऱ्या व क्लॅरिओनेट मांडून जाणत्यांस चकित केलें. १८३८ सालीं त्यानें खर्ज स्वरांच्या क्लॅरिओनेटमध्यें मोठी सुधारणा करून तिचा हक्क नोंदविला. १८४१ च्या प्रदर्शनांत पहिलें पारितोषिक त्याचेंच व्हावयाचें. परंतु एवढ्या लहान वयांत सर्वोच्च मान दिला तर पुढें देण्यासारखें कांहीं उरणार नाहीं, असें कारण सांगून परीक्षकांनीं त्यास दुसरें पदक देऊं केलें. त्यानें तें नाकारलें. हा मानी स्वभाव त्यास जन्मभर पुरला आणि जन्मभर महागहि पडला.

आतां त्या काळीं पितळी वाद्यांची स्थिति काय होती हें पाहिलें पाहिजे. पितळेच्या साध्या नळींत फुंकलें असतां सर्व स्वर निघत नाहींत. सा, प, वरचा सा, ग, पुन्हां प, असे निसर्गानें नेमून दिलेले मोजकेच स्वर निघतात. पलटणीच्या ब्यूगलवर आपण ऐकतों तेच हे. दुसऱ्या पट्टींत वाजवावयाचें तर नळीची लांबी बदलावयास पाहिजे. म्हणून हॉर्न वाजविणारे लोक निरनिराळ्या लांबीच्या वळणदार जोडनळ्यांचा संच बरोबर बाळगीत. गाण्याची पट्टी बदलली कीं एक नळी काढावयाची व दुसरी बसवावयाची. आणि या खटाटोपास वेळ मिळावा म्हणून रचनाकारास त्या वादकाच्या वांट्यास विसांव्याच्या मात्रा ठेवाव्या लागत. कांहीं ब्यूगलांना बांसरीसारखीं छिद्रें पाडून त्यांवर झांकणें बसविलेलीं असत. पण प्रत्येक छिद्राचा आवाज निराळा, एक मोकळा तर दुसरा दबलेला. सॅक्सच्या जन्माच्या सुमारासच स्ट्योल्त्सेल व ब्ल्यूमेल या दोन जर्मन वादकांनीं दाबावयाच्या कळेचा शोध लावला व १८१८ सालीं प्रशियांत त्याचा हक्क मिळविला. कळ दाबली म्हणजे हवा एका जादा नळींतून वळसा घेऊन जाते व स्वर उतरतो. पहिल्या कळेनें एक पूर्ण स्वर, दुसरीनें अर्धा, तिसरीनें दीड. या तिहींच्या जुळणीनें सात लांब्या मिळतात, आणि त्यांतून सप्तकांतील बाराहि स्वर हाताशीं येतात.

शोध चांगला होता, पण अंमल अव्यवस्थित होता. प्रत्येक गांवच्या कारागिराचा घाट वेगळा, नळीची रुंदी वेगळी, कळांची रीत वेगळी. एका वाद्यावरील हुशार वादक दुसऱ्या वाद्यापुढें नवशिका ठरे. लष्करी बँडांत तर उंच स्वरांचीं वाद्यें भरपूर, मधले स्वर दुबळे व खर्ज बेसूर, अशी दशा होती.

१८४२ सालीं खिशांत थोडेसे फ्रँक घेऊन सॅक्स पॅरिसला गेला. प्रसिद्ध रचनाकार एक्तोर बर्लियोझ यानें त्याचीं वाद्यें ऐकून त्याच वर्षीं १२ जून रोजीं एका मोठ्या वृत्तपत्रांत त्याची मनापासून प्रशंसा केली. सॅक्सनें कर्जाऊ पैशावर सें-जॉर्ज रस्त्यावर कारखाना घातला. ३ फेब्रुवारी १८४४ रोजीं बर्लियोझनें आपलें एक भक्तिगीत सॅक्सच्या सहा वाद्यांवर बसवून लोकांस ऐकविलें.

त्याच सुमारास सॅक्सनें जें वाद्यकुटुंब सिद्ध केलें त्यास पुढें सॅक्सहॉर्न हें नांव मिळालें. कळांच्या ब्यूगलास त्यानें एक ठराविक घाट दिला, नळी एका प्रमाणांत रुंदावत नेली, आणि तेंच वाद्य लहानापासून मोठ्यापर्यंत अनेक आकारांत घडविलें. या आकारांना पट्ट्या मुख्यतः दोनच, व त्या आलटून पालटून येतात: एक ई-फ्लॅट, म्हणजे आपल्या पेटीवरची काळी दोन, दुसरी बी-फ्लॅट, म्हणजे काळी पांच. काळी पांचच्या उंच वाद्याची नळी सुमारें साडेचार फूट; त्याखालील काळी दोनचा आल्टो सुमारें साडेसहा फूट; मग काळी पांचचा बॅरिटोन नऊ फूट; काळी दोनचा बास तेरा फूट; आणि सर्वांत मोठा काळी पांचचा बास अठरा फूट. लांबी अशी चौपट झाली तरी कळा त्याच, त्यांचा क्रम तोच, व कागदावर लिहिलेल्या स्वराला दाबावयाची बोटेंहि तींच.

यांतील युक्ति आपल्या गायनाची ज्यास ओळख आहे त्यास सहज कळेल. गवई पट्टी बदलतो तेव्हां सा सरकतो, पण रागाचे स्वर नव्यानें शिकावे लागत नाहींत. तसेंच येथें होतें. समजा, ऐन सणाच्या दिवशीं आल्टो वाजविणारा आजारी पडला. कॉर्नेटवाल्यानें आल्टो हातीं घ्यावा व आल्टोचा कागद समोर ठेवावा. कागदावर जेथें सा आहे तेथें कळा मोकळ्या सोडून फुंकावें. कॉर्नेटवर काळी पांच निघाली असती. आल्टोवर काळी दोन निघेल. तो स्वर गाण्यांत योग्य जागीं बसावा याचा हिशेब रचनाकारानें कागद लिहितांनाच करून ठेवलेला असतो. वाद्य बदलण्याचा भार वादकाच्या डोक्यावरून काढून लिहिणाराच्या लेखणीवर ठेवावयाचा, असा हा व्यवहार आहे.

मात्र कागदहि वाद्याबरोबर बदलला पाहिजे. कॉर्नेटचाच कागद आल्टोवर जसाच्या तसा वाजविला तर सगळें गाणें भलत्याच पट्टींत जाऊन इतरांशीं भांडूं लागेल. दुसरा कागद नसेल तर वादकानें मनांत पांच स्वरांची उडी घेतली पाहिजे: सा दिसेल तेथें प वाजवावा, रे दिसेल तेथें ध, ग दिसेल तेथें नि. जुन्या बँडमास्तरांच्या हाताखालीं तयार झालेल्या वादकांस हा हिशेब तोंडपाठ असे.

बोटांची विद्या एक असली तरी ओंठांची विद्या मात्र प्रत्येक वाद्याची निराळी. मोठ्या वाद्याची ओंठांस लावावयाची वाटी मोठी, ओंठ सैल ठेवावे लागतात, श्वास अधिक लागतो. कानालाहि नव्या जागेची संवय व्हावी लागते. शिवाय कळांच्या रचनेंत एक अंगभूत दोष आहे. एकेका कळेची जादा नळी मूळ नळीच्या मानानें मोजलेली असते. दोन-तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे ती लांबी थोडी अपुरी पडते व स्वर किंचित् चढा लागतो. मोठ्या वाद्यांत हें विशेष जाणवतें. त्यावर १८७४ सालीं इंग्लंडांत डेव्हिड ब्लेकली यानें भरपाईच्या नळ्यांची तोड काढली. सॅक्सची सोय आयती सिद्धि देत नाहीं. ती केवळ पुन्हां पहिल्या धड्यापासून आरंभ करण्याचा त्रास वांचविते. परंतु दिवसभर मजुरी करून रात्रीं तालमीस येणाराच्या दृष्टीनें हाच लाभ सर्वांत मोठा होता.

या कार्याची जाहीर कसोटी २२ एप्रिल १८४५ रोजीं पॅरिसच्या शां-द-मार्स मैदानावर लागली. एका बाजूस लष्करी संगीतशाळेचा प्रमुख मिशेल कराफा याचा जुन्या पद्धतीचा बँड, दुसऱ्या बाजूस सॅक्सचा. हजारों लोकांची गर्दी लोटली होती. सॅक्सचे वादक संख्येनें कमी असूनहि त्यांचा आवाज भरदार, एकजीव व दूरवर पोंचणारा होता, आणि लोकांनीं कौल त्याच्या बाजूनें दिला. त्याच वर्षीं सरकारी हुकूम निघून फ्रेंच पलटणींच्या बँडांत सॅक्सच्या वाद्यांस स्थान मिळालें.

विजयाबरोबर वैर आलें. पॅरिसच्या इतर वाद्यनिर्मात्यांनीं एकजूट करून, सॅक्सनें नवीन कांहींच शोधिलें नाहीं, सबब त्याचे हक्क रद्द व्हावे, म्हणून न्यायालयांत धांव घेतली. त्यांच्या म्हणण्यांत कांहीं तथ्य होतें हें प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे. कळ त्याची नव्हती. कळांचे ब्यूगल जर्मनींत त्याच्या आधींच वाजत होते, आणि बर्लिनचा व्हीप्रेख्त हाहि तसाच दावा सांगत असे. परंतु विटा पूर्वींपासून होत्या म्हणून घर बांधणाराचें श्रेय बुडत नाहीं. विखुरलेल्या वाद्यांचें एक कुटुंब करून त्यास एक घाट, एक बोट व एक लेखन देणें हें काम सॅक्सचें होतें. १८५४ सालीं रुआंच्या न्यायालयानें त्याच्या बाजूनें निकाल दिला. पण तोंपर्यंत दाव्यांच्या खर्चानें त्याचें कंबरडें मोडलें होतें. १८४८ च्या क्रांतींत लष्करी बँडांविषयींचा हुकूम रद्द झाला व १८५२ सालीं त्याचें पहिलें दिवाळें वाजलें. १८५४ सालीं सम्राट् तिसऱ्या नेपोलियननें त्याच्या वाद्यांस पुन्हां आश्रय दिला, तेव्हां कारखाना कसाबसा सावरला.

दरम्यान २८ जून १८४६ रोजीं त्यास सॅक्सोफोनचा हक्क मिळाला होता. हें वाद्य पितळेचें असलें तरी क्लॅरिओनेटप्रमाणें वेताच्या पातीनें वाजतें. येथेंहि तत्त्व तेंच: आकार अनेक, पट्ट्या दोन-दोन, बोटें एक. त्यानें कल्पिलेल्या दोन संचांपैकीं काळी दोन व काळी पांच यांचाच संच जगांत रूढ झाला. उलट, १८५२ सालीं त्यानें तीन कळांचा स्वराचा दोष मुळापासून काढण्यासाठीं सहा स्वतंत्र कळांची वाद्यें काढलीं. एका वेळीं एकच कळ दाबावयाची, म्हणून प्रत्येक स्वर शुद्ध लागे. जाणत्यांनीं त्यांची वाखाणणी केली, पण तीं चाललीं नाहींत. वाद्य जड झालें, आणि मुख्य म्हणजे बोटें नव्यानें शिकावीं लागत. वादकांची जुनी विद्या कामास लागावी म्हणून ज्यानें एवढी धडपड केली, त्यालाच या वेळीं ती विद्या टाकून द्या असें सांगावें लागलें, व वादकांनीं तें ऐकलें नाहीं. १८५७ पासून १८७० पर्यंत तो पॅरिसच्या संगीतशाळेंत लष्करी विद्यार्थ्यांस सॅक्सोफोन शिकवीत असे.

फ्रान्सबाहेर या वाद्यांचा प्रसार करण्याचें श्रेय जॉन डिस्टिन व त्याचे मुलगे यांस आहे. १८४४ सालीं पॅरिसमध्यें या इंग्रज वादक-कुटुंबानें सॅक्सचीं वाद्यें पाहिलीं व तीं घेऊन तें गांवोगांव फिरलें. इंग्लंडांतील कापसाच्या गिरण्यांचे व कोळशाच्या खाणींचे मजूर त्या वेळीं आपले बँड उभारूं लागले होते. त्यांना हीं वाद्यें जणूं मागून घेतल्यासारखीं मिळालीं. आजहि त्या बँडांत, एक बास ट्रॉम्बोन वगळतां, सर्व पितळी वाद्यांचे कागद एकाच रीतीनें लिहिले जातात, म्हणजे जेथें माणूस कमी पडेल तेथें दुसऱ्यास बसवितां येतें. इंग्रजी पलटणींच्या बँडांबरोबर हीं वाद्यें आपल्या देशांतहि आलीं. गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांतून स्वरलेखन शिकून तयार झालेले कित्येक वादक लष्कराच्या व पोलिसांच्या बँडांतून चाकरीस राहिले, आणि पुढें लग्नाच्या वरातींतहि याच घराण्याचीं पितळी वाद्यें वाजूं लागलीं.

सॅक्सच्या उत्तरायुष्यांत मात्र सुख थोडें होतें. १८५३ च्या सुमारास त्याच्या ओंठावर गांठ उठली व ती वाढत जाऊन त्याचा प्राण धोक्यांत आला. वाद्यें फुंकून पारखणाऱ्या माणसावर याहून क्रूर आपत्ति कोणती असावी? १८५९ सालीं तो त्यांतून बरा झाला. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनांत त्यास मोठा मान मिळाला. परंतु हक्कांच्या मुदती संपल्या होत्या, आणि आतां कोणीहि कारखानदार त्याच्या नमुन्यावर वाद्यें करूं शकत होता. १८७३ व १८७७ सालीं त्याचें आणखी दोन वेळां दिवाळें निघालें. देशोदेशींच्या जुन्या वाद्यांचा, चारशेंहून अधिक नगांचा, त्यानें प्रेमानें जमविलेला संग्रह लिलांवांत विकला गेला. अखेरच्या वर्षांत सरकारच्या अल्पशा मदतीवर दिवस काढीत ७ फेब्रुवारी १८९४ रोजीं, वयाच्या ऐंशीव्या वर्षांत, तो पॅरिस येथें मृत्यु पावला. माँमार्त्रच्या दफनभूमींत त्याची कबर आहे.

त्याच्या पश्चात् मुलानें धंदा चालविला, व पुढें तोहि दुसऱ्या कारखान्यांत विलीन झाला. १९९६ सालीं बेल्जियमनें आपल्या दोनशें फ्रँकच्या नोटेवर त्याचें चित्र छापलें; जो मनुष्य तीन वेळां दिवाळखोर ठरला त्याचा चेहरा पैशावर आला, हा दैवाचा विचित्र न्याय म्हणावयाचा. पण त्याचें खरें स्मारक याहून साधें आहे. जेथें जेथें वृद्ध वादक बास खालीं ठेवतो आणि कॉर्नेट वाजविणारा तरुण तो उचलतो, कागद बदलतो, ओंठ सैल करतो व त्याच तीन बोटांनीं मिरवणूक पुढें नेतो, तेथें तेथें त्याचें कार्य चालूं आहे. त्या तरुणाला त्याचें नांव ठाऊक असो वा नसो, त्या थकल्याभागल्या कारागिराच्या श्रमांचें ऋण आपल्या सर्वांवर आहे. तें ऋण मानून, परमेश्वर त्याच्या आत्म्यास शाश्वत शांति देवो अशी प्रार्थना करूं या.